ज्याचा डबा त्यानं न्यायचा

कागल,
मंगळवार, १० फेब्रुवारी

प्रिय श्रीशैल,

तू रागावलेला असलास तरी प्रियच. आई आहे, मी तसंच लिहिणार, तुला खोडायचं असेल तर खोड. पाकीट बघून दचकू नकोस. मी धड आहे, निपाणीला तुझी बहीण रक्षिता धड आहे, गिरणीचा पट्टासुद्धा दिवाळीत नवा घातलाय. फोन तू उचलत नाहीस, मेसेज तुझ्यापर्यंत पोचत नाहीत, आणि खेळातल्या निरोपांत लिहावं तर तिकडं तू तीन महिने फिरकला नाहीस. मग राहिलं पोस्ट. पत्र शुद्ध भाषेत लिहावं असं सातवीत बाईंनी शिकवलं होतं, म्हणून तसं लिहायला बसले आहे. पण राग आला की माझं शुद्ध जातं हे तुला ठाऊक आहे, तेव्हा कुठं कुठं राग आला ते तुझं तुला कळेल. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत जीव टांगणीला नको. खेळातला तो ग्रह मी सोडलेला न्हाई आणि सोडणार न्हाई. रविवारी सकाळी अकरा वाजता लांडगे येणार हाईत, येऊ देत.

आता घरची खबर. रविवारी महाशिवरात्र, त्यामुळं गिरणीत गडबड आहे. काल मौलाला बोलावून झिजलेल्या दगडांना छिन्नीनं टाकी लावून घेतली. तो म्हणाला, चन्नाक्का, दगड आता दोन वर्षं बघायला नको. असं तो दर सहा महिन्यांनी म्हणतो. आज सकाळी सगळी गिरणी झाडली, ओल्या फडक्यानं पुसली आणि आधी उपासाचं दळण घेतलं, राजगिरा आणि वरी. उपासाच्या दळणाचा तेवढा मान वेगळा, बाकी माझ्याकडं मान फक्त नंबराचा. दुपारी उदयसिंह सरकारांच्या घरातनं गाडी आली. ड्रायव्हरनं डबा आणून रांगेच्या पुढं ठेवला आणि म्हणतो, सरकारांचं आहे, पाहुणे आलेत. मी डबा उचलला आणि सुगराभाभीच्या डब्यामागं नेऊन ठेवला. म्हटलं, सरकार असतील तर त्यांच्या घरी, हितं डब्याला नाव नसतंय. तो गाडीत जाऊन बसला. सुगराभाभी तोंडाला पदर लावून हसत होती. तासाभरानं त्याचा नंबर आला तेव्हा त्याला स्वतः हाक मारली, चहाही पाजला. नंबर पाळला म्हणजे माणसाशी वाकडं वागलं असं होत नाही.

तुझ्या आजीनं गिरणी माझ्या हातात दिली तेव्हा तिनं मला दळायला शिकवलंच नाही. ते म्हणे आठ दिवसांत कुणालाही येतं. तिनं नियम सांगितले. नंबर मोडायचा नाही. आणि एकाचं दळण पुरतं खाली उतरल्याशिवाय दुसऱ्याचं वर ओतायचं नाही, नाहीतर ज्वारीत गहू आणि गव्हात हरभरा, दोघांच्याही भाकरीचं वाटोळं. तिसराही एक नियम होता, तो पुढं सांगते. हे नियम मी तीस वर्षं पाळले. ते मी आकाशात नेले ही चूक म्हणायची असेल तर म्हण, पण मला तिथं नेलंस तू.

आठवतंय का, लॉकडाऊनात गिरणीला तेवढी परवानगी होती आणि तू घरी बसून कंटाळला होतास. तुझा जुना लॅपटॉप आणून काउंटरवर ठेवलास. मी म्हटलं पिठानं खराब होईल, तर त्यावर साडीच्या दुकानातली प्लास्टिकची पिशवी चढवलीस. काही डाउनलोड करायला लागत नाही, अव्वा, नुसतं ब्राउझर उघडायचं, म्हणालास. मला वाटलं बंदूकबिंदूक असेल. तर तिथं एक काळं आभाळ, एक ग्रह आणि खाली आकडे. खाणीतनं धातू निघतोय, त्यातनं जहाजं बनतायत, आणि ती एका ग्रहावरनं दुसऱ्यावर जायला खरोखरचे तीन-चार तास घेतायत. आपण झोपलो तरी खाण चालूच. मी म्हटलं, अरे ही तर गिरणीच की. दळण लावायचं, दुसरं काम बघायचं, उतरलं की डबा बाजूला करायचा. तू हसलास, पण दुसऱ्या दिवशी मला माझं खातं काढून दिलंस. एका घरातली दोन खाती म्हणून खेळ चालवणाऱ्यांना आधी रीतसर कळवलंसही. नाव ठेवलंस गिरणीवाली. माझ्या पहिल्या ग्रहाचं नाव मी ‘जातं’ ठेवलं. मग सुपली, चाळण, पायली. जगभरातली माणसं ती नावं कशी म्हणत असतील ते ऐकायला मला आवडेल.

गल्लीनं काय कमी नावं ठेवली नाहीत. बयाबाई अजून म्हणते, छप्पन्नाव्या वर्षी बाईमाणसानं पोथी वाचावी, ही आभाळात मारामाऱ्या करतीया. मी तिला म्हणते, पोथीतबी मारामाऱ्याच हाईत, तिथं माझा नंबर लागत न्हाई एवढंच. तुझ्या अप्पानं मात्र कधी नाव ठेवलं नाही. एमआयडीसीतनं पाळी करून आला की हातपाय धुऊन आधी काउंटरपाशी यायचा आणि स्वतःचंच नाव घेऊन मला विचारायचा, काय रुद्राप्पाच्या मंडळी, आज किती ग्रह बुडवले. मग तू आणि मी एकदमच बोलायला लागायचो. तो लेथवरचा माणूस, त्याला त्यातलं काही कळायचं नाही, पण ऐकायचा पुरतं.

खेळात एकमेकांच्या मदतीला धावणारी आपली युती, सत्तावीस माणसांची. तुर्कस्तानातली एलिफ शाळेत शिकवते, बाकी कोण कुठला. त्यांनी राखणीच्या जहाजांचा ताफा माझ्या हाती दिला तो मी हुशार म्हणून नाही. हुशार तू होतास. मला दिला कारण मी कुणाचं तोंड बघत नाही. ज्यानं आधी हाक मारली त्याच्याकडं आधी ताफा. एलिफनं लिहिलं होतं की आमच्या युतीत कुणालाच वशिला लागत नाही, म्हणून माणसं सोडून जात नाहीत. भाषांतर यंत्रानं केलेलं होतं, तरी मी ते दोनदा वाचलं.

मग तो अठरा नोव्हेंबरचा मंगळवार. सकाळी अकरा बेचाळीसला एलिफची हाक आली. लांडग्यांचा ताफा तिच्याकडं निघाला होता. त्यांच्या झेंड्यावर लांडगा आहे म्हणून आपण त्यांना तेच नाव ठेवलेलं. मी सगळा ताफा तिच्याकडं सोडला. अकरा सेहेचाळीसला तुझी हाक आली. त्यांचा दुसरा ताफा तुझ्या तिसऱ्या ग्रहावर. चार मिनिटांचा फरक. ताफा अर्धा करून दोन्हीकडं धाडता आला असता, हे मला संध्याकाळी सुचलं. तेव्हा सुचलं नाही, कारण तीस वर्षं माझा हात एकच गोष्ट शिकलाय, एकाचं उतरेपर्यंत दुसऱ्याचं वर ओतायचं नाही. एलिफकडं जाणारी जहाजं लांडग्यांनी अर्ध्या वाटेतनं परत बोलावली. ती हूल होती. त्यांनी माझा नियम ओळखला होता आणि मुद्दाम तिच्याकडं चार मिनिटं आधी निघाले. मी ताफा माघारी फिरवला, पण जेवढी वाट गेली तेवढीच परत यायला लागते. तुझ्या ग्रहावर एक तोफ उरली नाही.

तुझा फोन आला तेव्हा गिरणी चालू होती. तू ओरडला नाहीस. ओरडला असतास तर बरं झालं असतं. तू म्हणालास, अव्वा, अप्पांच्या वेळीपण तू नंबरच लावला होतास. आणि ठेवलास. त्या दिवसापासनं आजपर्यंत तुझा आवाज मी ऐकलेला नाही. रक्षिताकडनं निरोप तेवढे येतात. तू नाशकात कंपनी बदललीस, तुला खोकला झाला होता, तू पोह्यात शेंगदाणे घालत नाहीस आता. असलं सगळं मला दुसऱ्याच्या तोंडून कळायला लागलं.

श्रीशैल, दोन गोष्टी आहेत आणि तू त्यांची एक केलीस. त्या मी वेगळ्या करते.

एलिफकडं ताफा धाडला त्याची मी माफी मागणार नाही. मूर्खपणा झाला, हूल ओळखली नाही, ताफा वाटला नाही, हे सगळं मान्य. पण तिनं आधी हाक मारली होती. तुझी हाक माझ्या पोराची आहे म्हणून मी तिला मागं ढकललं असतं, तर उद्या उदयसिंहांच्या ड्रायव्हरला मी कुठल्या तोंडानं सांगू की मागं हो. युतीतले दोघं-तिघं मला म्हणाले, हा नियम सोड, यांनी तुझा नियमच फास केला. मी म्हटलं, नियम ऱ्हाणार. शानी मी व्हईन, नियम कशाला बदलायचा.

दुसरी गोष्ट अप्पाची. ती मी कुणालाच सांगितलेली नाही, रक्षितालाही नाही. धनत्रयोदशीच्या आधीचा तो शुक्रवार. गिरणीत भाजणीचे डबे दारापर्यंत लागलेले. सकाळी मी कोल्हापूरला दवाखान्यात जाऊन आले तेव्हा तो उशीला टेकून बसला होता. मला म्हणाला, तू जा, लोकांची चकली अडंल, पोरगा हाय माझ्यापाशी. डॉक्टरही म्हणाले की आता उतार आहे. मी आले आणि पट्टा लावला. दुपारी तुझा फोन आला, अव्वा, लगेच ये. मी तुला काय म्हणाले ते तुला आठवतं, मलाही आठवतं. म्हणाले, सहा डबे राहिलेत, उरकून येते.

सगळ्यांना वाटलं बाई कर्तव्याची पक्की. बयाबाईनं तर चार माणसांत कौतुक केलं की नवरा दवाखान्यात असताना हिनं कुणाची दिवाळी मोडली नाही. मी ते कौतुक ऐकून घेतलं. खरं काय ते आज लिहिते. तुझ्या आवाजावरनं मला कळलं होतं. फोन ठेवला तेव्हाच कळलं होतं. आणि मला भ्या वाटलं. मी तिथं पोचणार आणि तो गेलेला असणार, आणि मी पोचत नाही तोवर तो असणार, असं काहीतरी डोक्यात बसलं. पट्टा फिरतोय तोपर्यंत काही झालं न्हाई, अशी माझी समजूत मीच घातली. सहाव्या डब्यानंतर रांगेतली एक बाई म्हणाली, अक्का, तुम्ही जावा की आता. तेव्हा मी तिचंसुद्धा दळण घेतलं. सात डबे झाले, श्रीशैल. सहा नव्हते. मी आले तेव्हा अप्पाला जाऊन पाऊण तास झाला होता आणि तू बाकावर एकटा त्याच्या चपला मांडीवर घेऊन बसला होतास. मी नंबर लावला नव्हता. मी नंबराच्या आड लपले होते. तुला एकट्याला तिथं बसवलं, त्याची माफी मी मागते. आधी मागायला पाहिजे होती. रागानं तू फोन ठेवलास तेव्हा मला राग आला तो तू खोटं बोललास म्हणून नव्हता, वर्मी लागलं म्हणून होता.

हे लिहून हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. उठून चहा केला आणि परत बसले.

अप्पाचे दिवस झाले त्या संध्याकाळी तू काउंटरवर लॅपटॉप उघडून बसलास आणि एक रिकामी जागा शोधून नवा ग्रह वसवलास. मला वाटलं, मन रमवतोय. मग मी नाव बघितलं. अप्पा. त्यावर तू पहिली खाण काढलीस आणि मी माझ्या जातं-वरनं धातूची सात जहाजं भरून धाडली. नोव्हेंबरात लांडग्यांनी ज्याच्या तोफा फोडल्या तो हाच ग्रह, हे मला त्या दिवशी माहीत होतं. माहीत असून मी एलिफकडं गेले. तुझा राग का आहे ते मला कळतं, एवढंच म्हणते.

त्याच दुपारी एलिफकडनं परत आलेला सगळा ताफा मी अप्पावर नेऊन उभा केला. मित्राच्या ग्रहावर मुक्कामाला राहायला खेळात परवानगी आहे. इंधन जातं, माझे बाकीचे ग्रह उघडे पडतात. सुपली दोनदा लुटली गेली. पण अप्पावर त्यानंतर एक दगड पडलेला नाही. मध्ये आम्ही लांडग्यांचे चार हल्ले परतवले. दोन दळणांच्या मधे येऊन बघायचं, आकडे लावायचे, परत गिरणी. युतीतली इतरही येऊन उभी राहिली, नंबरानं, प्रत्येकी पाच दिवस. एलिफ सगळ्यात आधी आली.

गेल्या शनिवारी लांडग्यांच्या म्होरक्याचा निरोप आला. यंत्रानं मराठी केलेलं, पण मतलब पुरता कळला. म्हणतो, त्या मेलेल्या खेळाडूचा ग्रह सोड, जागा आम्हाला पाहिजे. ताफा काढून घे, म्हणजे तुझे ग्रह आम्ही राखू. नाहीतर रविवारी अकराला सगळे येऊ, आणि मग तुझं जातंसुद्धा राहणार नाही. बराच काळ न आलेला खेळाडू म्हणजे त्यांच्या भाषेत मेलेला, हे मला ठाऊक आहे. तरी माझं डोकं फिरलं. मी परत लिहिलं, खेळाडू जिता हाय, नाशकात असतोय, त्यानं डबा ठेवलाय आणि जरा बाहेर गेलाय. माझ्या गिरणीत ठेवलेल्या डब्याला कुणी हात लावत न्हाई, तू तर पावणं हाईस. यंत्रानं त्याचं काय केलं देव जाणे. त्यानं उत्तर दिलेलं नाही, पण त्याच्या जहाजांचा आकडा रोज वाढतोय. आमची जहाजं मोजून त्याच्या निम्मी आहेत. रविवारी गिरणी बंद असते, उपास असतो, हात मोकळे असतात. पहाटे देवाचं करून, विभूती लावून मी अकराला काउंटरवर बसणार. जातं गेलं तर जाऊ दे, दुसरं वसवीन. मौला म्हणतो तसं, दगड झिजला की टाकी लावायची, गिरणी कुणी टाकत नाही.

आणि आता हे पत्र कशासाठी ते. लांडग्यांना मी थोपवीन किंवा मरेन, तो माझा प्रश्न. पण खेळाचा एक नियम माझ्या हातात नाही. नव्वद दिवस जो आला नाही त्याचं खातं पुसलं जातं, त्याच्या सगळ्या ग्रहांसकट. तू अठरा नोव्हेंबरला शेवटचा आलास. सोमवारी, सोळा तारखेला, नव्वद पुरे होतात, आणि दुपारी बाराला अप्पा नावाच्या जागी नुसती रिकामी जागा दिसेल. माझा ताफा त्या रिकाम्या जागेची राखण करत उभा असेल. रक्षिता म्हणाली, अव्वा, त्याचा पासवर्ड तुला माहीत आहे, एकदा त्याच्या नावानं जाऊन ये, कुणाला कळतंय. माहीत आहे. अप्पाच्या स्कूटरचा नंबर. मी तीन रात्री त्याचा विचार केला आणि जाणार नाही असं ठरवलं. तुझ्या आजीचा तिसरा नियम हाच होता, ज्याचा डबा त्यानं न्यायचा. शेजारीण मागायला आली, सख्खी बहीण आली, तरी द्यायचा नाही, धनी येईपर्यंत जागेवर ठेवायचा. अप्पा आपल्या दोघांचा होता, पण तो ग्रह तुझा आहे. मी तुझ्या नावानं आत गेले तर तो उरेल आणि त्यात तू नसशील. तेव्हा तू ये. रविवारी लढायला नाही आलास तरी चालेल. माझ्याशी बोलू नकोस, माझ्या निरोपाला उत्तरही देऊ नकोस. सोमवारी बाराच्या आत तुझ्या नाशकाच्या खोलीत बसून एकदा ते ब्राउझर उघड, एवढंच. तुला मी रांगेत पुढं घेणार नाही, ते माझ्याच्यानं व्हायचं नाही. पण इतक्या वर्षांत माझ्या गिरणीतनं कुणाचा डबा हरवलेला नाही, आणि तुझा मी तीन महिने हलू दिलेला नाही. येऊन घेऊन जा.

तुझीच, आणि रांगेतल्या सगळ्यांचीसुद्धा,
अव्वा